‘सामगुक युसा’ इतिहास म्हणून वाचावं की पुराण म्हणून? आणि अयोध्येच्या राजकन्येचं काय करावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. दिवाळी अंकासाठी तुम्हाला अयोध्येहून कोरियाला गेलेल्या राजकन्येवर लेख लिहायचा आहे. या कथेचा आधार म्हणून जिथे तिथे ‘सामगुक युसा’ या मध्ययुगीन कोरियन ग्रंथाचं नाव येतं, म्हणून तुम्ही त्याचं इंग्रजी भाषांतर मिळवलंत. उघडून बघता तर सुरुवातीलाच अस्वलाची बाई होते, पुढे अंड्यांतून राजे निघतात, मेलेला राजा ड्रॅगन होऊन समुद्रात राहतो. एका ओळखीच्याने ‘सगळी भाकडकथा’ म्हणून निकाल लावला, तर दुसऱ्याने ‘कोरियन लोक स्वतः मानतात म्हणजे खरंच असणार’ असं सांगितलं. तेव्हा या पुस्तकावर किती विसंबावं?

मी हानमुन शिकवतो. कोरियातले शिकलेले लोक शतकानुशतकं ज्या अभिजात चिनी भाषेत लिहीत आले, ती ही भाषा, आणि ‘सामगुक युसा’ही तिच्यातच आहे. वर्गात हे पुस्तक काढलं की हाच प्रश्न येतो. ‘इतिहास की पुराण’ यातलं एक निवडायला गेलात तर फसाल, कारण हा एकसंध ग्रंथच नाही. ही इर्यॉन नावाच्या एका विद्वान भिक्षूची कात्रणवही आहे. त्यात चिनी इतिहासांतले उतारे आहेत, मठांच्या जुन्या नोंदी आहेत, शिलालेख आहेत, गावोगावच्या ऐकीव गोष्टी आहेत, गाणी आहेत आणि या सगळ्यांवर त्याचे स्वतःचे शेरे आहेत. म्हणून ‘पुस्तक किती भरवशाचं’ यापेक्षा ‘हा परिच्छेद कुणाचा, कधीचा आणि इर्यॉनने तो कुठून उचलला’ हे विचारायचं. बहुतेक ठिकाणी तो स्वतःच सांगतो.

तुम्हाला काय लिहायचं आहे त्यावरही उत्तर बदलतं. नुसती गोष्ट सांगायची असेल तर हात मोकळे आहेत, खुशाल सांगा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात काय घडलं ते सांगायचं असेल तर फार जपून. आणि तेराव्या शतकातले कोरियन लोक आपल्या भूतकाळाकडे कसे बघत होते हे सांगायचं असेल, तर याच्या तोडीचं दुसरं साधन मला माहीत नाही.

आधी माणूस बघू. इर्यॉन १२०६ साली जन्मला आणि १२८९ साली वारला. तेव्हा कोरियावर गोर्यो घराण्याचं राज्य होतं. त्याच्या पंचविशीत, १२३१ साली, मंगोल स्वाऱ्या सुरू झाल्या आणि जवळजवळ तीस वर्षं चालल्या. ग्योंगजू ही शिल्ला या जुन्या कोरियन राज्याची राजधानी; तिथला ह्वांग्न्योंग्सा मठाचा नऊ मजली लाकडी मनोरा १२३८ साली याच धुमाकुळात जळाला. इर्यॉन म्हातारा झाला तोवर गोर्योचा राजा कुब्लाई खानाचा जावई होता आणि जपानवरच्या मंगोल मोहिमांसाठी कोरियन जहाजं आणि माणसं जुंपली जात होती. १२८१ च्या मोहिमेच्या वेळी राजाचा मुक्काम ग्योंगजूला होता, तिथे त्याने इर्यॉनला बोलावून घेतलं होतं. हे पुस्तक साधारण याच वर्षांतलं. मनोरा जळाल्याची नोंद करताना तो मंगोलांचं नावसुद्धा घेत नाही, ‘पश्चिमेच्या डोंगरांकडच्या सैन्याची आग’ एवढंच म्हणतो. ज्यांच्या अमलाखाली राहायचं त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहिणं त्याला परवडणारं नसावं.

आता त्याच्या आधीचं पुस्तक. ११४५ साली किम बुसिक या दरबारी विद्वानाने राजाज्ञेवरून शिल्ला, बेक्जे आणि गोगुर्यो या तीन राज्यांचा ‘सामगुक सागी’ हा पन्नास खंडांचा अधिकृत इतिहास पुरा केला. त्याची बैठक कन्फ्यूशियन. अद्भुताला त्यात अगदीच बंदी नव्हती. शिल्लाचा मूळपुरुष अंड्यातून निघाला हे तिथेही आहे. पण कोरियाचा आदिपुरुष मानला जाणारा दानगुन तिथे नाही. ‘प्योंगयांग हे वांगम नावाच्या सिद्धाचं ठिकाण’ असा एक ओझरता उल्लेख, बस्स. गाया नावाच्या दक्षिणेतल्या छोट्या राज्यांची तर तिथे जेमतेम दखल. या इतिहासातून जे राहून गेलं ते इर्यॉनने गोळा केलं, आणि त्याच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थही तोच: तीन राज्यांच्या राहून गेलेल्या गोष्टी.

अद्भुताबद्दल त्याने काही लपवलेलं नाही. अद्भुत कथांच्या प्रकरणाच्या आरंभीच तो म्हणतो की जुने थोर लोक चमत्कार, अचाट बळ आणि भुतंखेतं यांबद्दल बोलत नसत हे खरं. पण राजे उदयाला येताना काहीतरी वेगळं घडतंच, चीनच्या राजांच्या जन्मकथा बघा ना, मग आमच्या तीन राज्यांचे मूळपुरुष अद्भुतातून आले यात नवल ते काय? हा भाबडेपणा नव्हे, चीनचा दाखला देऊन चीनच्याच बरोबरीने बसण्याचा युक्तिवाद आहे.

त्याची काम करायची रीत दानगुनच्या कथेत चांगली दिसते. कथा तुम्ही वाचली आहेच. स्वर्गातल्या ह्वानिनचा मुलगा ह्वानुंग तीन हजार जणांसह डोंगरावर उतरतो. अस्वल आणि वाघ माणूस व्हायचं म्हणतात. तो त्यांना एक जुडी दवणा आणि लसणाच्या वीस पाकळ्या देतो आणि शंभर दिवस ऊन बघू नका म्हणतो. वाघाला धीर निघत नाही, अस्वल मात्र एकविसाव्या दिवशी बाई होते, आणि तिचा मुलगा तो दानगुन. बहुतेक वाचक इथेच रमतात. बारीक अक्षरातल्या टिपांकडे कुणी बघत नाही, आणि नेमकं तिथे इर्यॉन बोलतो. त्याच्यासमोरच्या ‘जुन्या नोंदी’त लिहिलं होतं की दानगुनने प्योंगयांगला राजधानी केली ती चीनच्या याओ राजाच्या कारकिर्दीच्या पन्नासाव्या वर्षी, आणि ते वर्ष साठ वर्षांच्या चक्रातलं ‘ग्योंग-इन’. इर्यॉन हिशेब मांडतो: याओ गादीवर बसला ते वर्ष ‘मुजिन’ धरलं तर पन्नासावं वर्ष ‘जोंगसा’ येतं, ‘ग्योंग-इन’ येत नाही, तेव्हा हे खरं नसावं असा संशय. अस्वलाची बाई झाली याला तो हरकत घेत नाही, सालाला घेतो!

आपल्याकडे म्हाइंभट लीळा गोळा करत होते तो काळ साधारण हाच. महानुभाव ग्रंथांत एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या ‘वासना’, म्हणजे पाठभेद, नोंदवलेल्या असतात. ते वाचायची सवय असलेल्या माणसाला इर्यॉनचं ‘एक जण असं म्हणतो, दुसऱ्या पोथीत तसं आहे, नक्की कळत नाही’ हे वळण परकं वाटणार नाही.

याच कथेत भारतीय वाचकासाठी एक सापळा आहे, तेवढा सांगून ठेवतो. ह्वानिन या नावापुढे इर्यॉनने टीप दिली आहे: म्हणजे शक्र, अर्थात इंद्र. लगेच ‘कोरियाचा आदिपुरुष इंद्राचा नातू’ असा मथळा सुचतो. तो छापू नका. कोरियन आकाशदेवाला बौद्ध भिक्षूने आपल्या परिचयाच्या देवाचं नाव दिलं, एवढंच त्यातून कळतं, आणि ते तेराव्या शतकातल्या माणसाबद्दल कळतं. तसंच दानगुनने राज्य स्थापलं म्हणून सांगतात ते इसवी सनपूर्व २३३३ हे साल. दक्षिण कोरियात १९६१ पर्यंत सरकारी कालगणना त्यावरून चाले आणि ३ ऑक्टोबरला राष्ट्रस्थापनेची सुट्टी आजही असते. पण ते साल या पुस्तकातलं नाही, दुसऱ्या ग्रंथांतल्या हिशेबातून आलेलं आहे. ‘सामगुक युसानुसार इ.स.पू. २३३३’ असं लिहिलेलं दिसलं की समजावं, लिहिणाऱ्याने पुस्तक उघडलेलं नाही.

आता भरवशाचा मुद्दा. याची खरी परीक्षा कागदावर होत नाही, जमीन उकरल्यावर होते. सुदैवाने इर्यॉन ज्या जागांबद्दल लिहितो त्यांतल्या पुष्कळ जागा आज सापडतात.

राजा मुनमु ६८१ साली वारला. मेल्यावर ड्रॅगन होऊन जपानी चाच्यांपासून राज्य राखीन असं तो म्हणाला होता, म्हणून त्याचे अंत्यविधी समुद्रातल्या खडकावर झाले. त्याच्या मुलाने ६८२ साली किनाऱ्याजवळ गामुन्सा हा मठ पुरा केला. इर्यॉन मठातल्या नोंदीच्या आधाराने सांगतो की मुख्य दालनाच्या जोत्याखाली पूर्वेच्या बाजूला एक भोक ठेवलं आहे, ड्रॅगनला आत येऊन फिरता यावं म्हणून. कुणीही म्हणेल, झाली ना भाकडकथा. पण विसाव्या शतकात तिथे उत्खनन झालं तेव्हा दालनाच्या फरशीखाली दगडी आधारांवर लांब शिळा अंथरून मुद्दाम पोकळी ठेवलेली निघाली. मठांच्या जोत्यांत असं सहसा सापडत नाही. ड्रॅगन आला की नाही ते सोडा, त्याच्यासाठी सोय केली होती हे पक्कं.

दुसरी जागा सोक्गुराम, ग्योंगजूजवळच्या डोंगरातलं बुद्धाचं दगडी लेणं. पुस्तक सांगतं की किम देसोंग या मंत्र्याने ते पूर्वजन्मीच्या आईबापांसाठी बांधलं आणि बुल्गुक्सा मठ या जन्मीच्या आईबापांसाठी. घुमटाच्या टोकावर बसवायची मोठी शिळा घडवताना ती अचानक तीन तुकडे होऊन फुटली. तो संतापला, चरफडत झोपी गेला, आणि रात्री देवांनी उतरून काम पुरं केलं. आज त्या घुमटाखाली उभं राहून वर बघा: मधली गोल शिळा तीन तुकड्यांतच आहे. फुटलेली शिळा तशीच वर चढवलेली लोकांना दिसत होती, तिचा खुलासा म्हणून गोष्ट तयार झाली असावी, असं मला वाटतं. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूला चिकटलेली गोष्ट सहसा भटकत नाही.

तिसरं उदाहरण सगळ्यांत बोधक आहे, म्हणून जरा सविस्तर. बेक्जेचा राजा मु. पुस्तकात तो लहानपणी कंद खणून विकणारा गरीब पोरगा, सोदोंग. आई विधवा, बाप तळ्यातला ड्रॅगन. शिल्लाच्या राजाची तिसरी मुलगी सोनह्वा फार देखणी असं ऐकून तो शत्रूच्या राजधानीत जातो, पोरांना कंद वाटतो आणि एक गाणं शिकवतो: सोनह्वा राजकन्या गुपचूप लग्न करून रात्री सोदोंगला कवटाळायला जाते. गाणं गावभर होतं, राजकन्येला हाकलतात, वाटेत हा भेटतो. आईने दिलेलं सोनं ती दाखवते तर हा हसतो, म्हणतो, मी कंद खणतो तिथे याचे ढीग पडलेत. पुढे तो राजा होतो. एके दिवशी दोघं डोंगराच्या पायथ्याच्या तळ्याजवळून जाताना पाण्यातून तीन मैत्रेय बुद्ध वर येतात. राणी म्हणते, इथे मठ बांधा. तळं बुजवून तीन दालनं आणि तीन मनोरे उभे राहतात. हा मिरुक्सा मठ, आजच्या इक्सान शहराजवळचा.

१९८० पासून तिथे मोठं उत्खनन झालं. सापडलं काय? ओलसर, भराव टाकून तयार केलेली जमीन, आणि शेजारी शेजारी तीन आवारं, प्रत्येकात एक मनोरा, एक दालन. मधला मनोरा लाकडी, दोन्ही बाजूंचे दगडी. म्हणजे मठाच्या आराखड्याबाबत पुस्तक तंतोतंत बरोबर. मग २००९ च्या जानेवारीत, पश्चिमेचा दगडी मनोरा दुरुस्तीसाठी उतरवताना आत अस्थींचा करंडक आणि सोन्याचा कोरीव पत्रा निघाला. साल ६३९. अस्थी ठेवणारी राणी कोण? बेक्जेचा बडा सरदार साताक जोकदोक याची मुलगी. शिल्लाच्या राजकन्येचा पत्ता नाही.

राजाला एकाहून जास्त राण्या असतील, बाकीचे मनोरे दुसऱ्या राणीने बांधले असतील, असंही काही अभ्यासक म्हणतात, आणि ते अशक्य नाही. मला मात्र तो गोष्ट वाचवायचा प्रयत्न वाटतो. बेक्जे आणि शिल्ला त्या काळात सतत लढत होते. आणि कथेच्या शेवटी इर्यॉनची टीप आहेच: जुन्या इतिहासात हा राजा बोपचा मुलगा म्हटला आहे, इथे विधवेचा म्हणतात, उलगडत नाही.

ही आणि अशी बाकीची उदाहरणं ताडून बघितली की एक गोष्ट वारंवार पुढे येते. जागा, वास्तू, मोजमापं, शिल्लक वस्तू यांबाबत हे पुस्तक चकित करण्याइतकं अचूक आहे. ह्वांग्न्योंग्साचा मनोरा दोनशे कारागिरांना हाताशी धरून बेक्जेहून आणलेल्या अबिजी नावाच्या स्थपतीने उभारला असं पुस्तक म्हणतं. ८७२ सालचा कोरीव लेख त्याच मनोऱ्याच्या पायातून मिळाला, त्यातही तेच. नाती, जन्म, विवाह, आणि फार जुनी सालं यांबाबत मात्र ते कुणाचंतरी ऐकीव सांगत असतं, आणि बरेचदा तसं कबूलही करतं. ग्रंथ आपल्यापर्यंत आला त्या वाटेचाही थोडा विचार हवा. इर्यॉनचं नाव फक्त पाचव्या खंडाच्या माथ्यावर आहे, इनगाक्सा मठातल्या त्याच्या स्मारकशिळेवर ग्रंथांची यादी आहे तिच्यात हे पुस्तक नाही, त्याचा शिष्य मुगुक याने काही मजकूर मागून जोडला आहे, आणि आज हाताशी असलेली सर्वांत जुनी संपूर्ण छापील प्रत १५१२ ची आहे. इर्यॉनचंच पुस्तक याबद्दल फारसा वाद नाही, पण प्रत्येक ओळ त्याचीच असं समजायचं कारण नाही.

आता राजकन्येकडे या. पुस्तकात ती दोन ठिकाणी येते आणि दोन्ही ठिकाणची हकिगत सारखी नाही. लेख लिहिताना हे दोन धागे एकत्र वळू नका.

पहिलं ठिकाण ‘गाराक राज्याची नोंद’; गाराक हे वर आलेल्या गाया राज्यांपैकी एक. ही इर्यॉनची नाही. वरच त्याने लिहिलं आहे की मुनजोंग राजाच्या काळात गुमग्वानच्या, म्हणजे आजच्या किमहेच्या, एका विद्वान अधिकाऱ्याने ती रचली, मी संक्षेपाने देतो. म्हणजे अकराव्या शतकाचा उत्तरार्ध. गोष्ट घडते इ.स. ४८ मध्ये. मध्ये हजार वर्षांहून जास्त काळ.

पण नोंद सुरेख आहे. नैर्ऋत्येच्या समुद्रातून लाल शिडाचं, लाल निशाण लावलेलं जहाज येतं. बेटावरून मशाली पेटवून खूण होते. गाराकचा पहिला राजा सुरो आपले सरदार तिला आणायला पाठवतो, तर ती म्हणते, तुमची माझी ओळख ना पाळख, अशी कशी कुणाच्याही मागे निघून येऊ? राजाला हे पटतं. तो स्वतः डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकून थांबतो. ती किनाऱ्यावर उतरते, उंचवट्यावर विसावते, अंगातली रेशमी विजार उतरवून डोंगराच्या देवतेला वाहते आणि मग भेटायला येते. ‘मी आयुता देशाची राजकन्या, आडनाव हो, नाव ह्वांग-ओक, वय सोळा.’ आईबापांना स्वप्नात स्वर्गाच्या सम्राटाने सांगितलं की मुलगी सुरोकडे पाठवा, म्हणून आले. ती वारली १८९ साली, वय १५७. राजा १९९ साली, वय १५८. राजा जन्मला ४२ साली, त्या वर्षीच आकाशातून अंड्यांची पेटी उतरली, तेव्हा पूर्व आशियाई पद्धतीने मोजलं तर वयं एका वर्षाचाही फरक न पडता जुळतात. इतका काटेकोर हिशेब मागून बसून मांडलेला असतो, हे सांगायला नकोच.

या नोंदीत भारताचं काय आहे ते शोधा. स्वप्नातला स्वर्गसम्राट चिनी. सोबतच्या दोन अधिकाऱ्यांची पदं चिनी धाटणीची. जहाजातल्या मालाला तर चक्क ‘हान बाजारातला माल’ म्हटलं आहे. बुद्धाचं नाव नाही. उरतो एक शब्द: आयुता. सगळी अयोध्या त्यावर उभी आहे.

दुसरं ठिकाण वास्तू आणि मूर्तींच्या प्रकरणात, ‘गुमग्वानचा पासा दगडी मनोरा’. इथे आयुता ‘पश्चिमेच्या प्रदेशातला’ देश होतो. राजकन्या निघते, समुद्रदेवाच्या कोपामुळे जहाज पुढे सरकत नाही, ती परत फिरते, बाप जहाजात दगडी मनोरा चढवायला सांगतो आणि मग प्रवास सुखरूप होतो. म्हणजे बौद्ध रंग इथे चढला. आणि तो चढवणाऱ्या कथेला इर्यॉन लगेच वेसण घालतो: त्या काळी आपल्याकडे बौद्ध धर्म पोचलाच नव्हता, म्हणूनच मूळ नोंदीत मठ बांधल्याचा उल्लेख नाही, राणीच्या नावाचा मठ बांधला गेला तो पुढे आठव्या राजाच्या वेळी. ते साल ४५२. मग तो पुन्हा आपल्या बलस्थानाकडे, वस्तूकडे वळतो. मनोरा चौकोनी, पाच मजल्यांचा, कोरीव काम विलक्षण. दगड किंचित तांबूस, ठिपक्यांचा, जरा ठिसूळ, आणि ‘या भागातला नाही’. दगड ओळखायला कोंबड्याच्या तुऱ्याचं रक्त लावून बघतात, असा वैद्यकग्रंथाचा दाखलाही जोडतो. हे दगड आज किमहेत राणीच्या समाधीपाशी रचून ठेवलेले आहेत. इतके झिजलेत की कोरीव काम कल्पनेनेच बघायचं.

माझं मत विचाराल तर असं. किमहे हे त्या काळी लोखंडाच्या व्यापाराचं बंदर होतं. समुद्रापलीकडच्या एखाद्या बलाढ्य घराण्यातली वधू तिथे आली असेल, यात अशक्य काहीच नाही. पण ‘आयुता’ हे नाव तिला बौद्ध काळात, मठ उभा राहिल्यानंतर कधीतरी चिकटलं असावं. पहिल्या शतकातल्या अयोध्येचा उल्लेख बौद्ध परंपरेत साकेत या नावानेच जास्त येतो, ही आणखी एक अडचण. थायलंडचं अयुथ्या तर चौदाव्या शतकातलं, त्याचा संबंध नाही. उलट बाजूने मत देणारेही अभ्यासक आहेत, आणि तुमच्या लेखात त्यांना जागा मिळायला हरकत नाही. फक्त ‘सिद्ध झालं आहे’ हे शब्द कुणाच्याही बाजूने वापरू नका.

मात्र या कथेचा एक भाग निर्विवाद खरा आहे, आणि तो अलीकडचा. किमहे किम हे कोरियातलं फार मोठं कुळ. ते आणि किमहे हो कुळ स्वतःला या जोडप्याचे वंशज मानतात. २००१ साली अयोध्येत शरयूकाठी राणीचं स्मारक झालं. २०१८ च्या दिवाळीत कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी किम जोंग-सुक अयोध्येच्या दीपोत्सवाला आल्या होत्या. दिवाळी अंकासाठी यापेक्षा चांगली सुरुवात कुठे मिळणार?

आणि भारत-कोरिया संबंधच हवा असेल तर याच पुस्तकात त्याहून भक्कम मजकूर पडून आहे, त्याकडे कुणी वळत नाही. ‘भारतात गेलेले भिक्षू’ हा छोटासा भाग वाचा. सातव्या शतकातल्या यीजिंग या चिनी प्रवाशाच्या लेखनावरून इर्यॉनने तो घेतला आहे, आणि यीजिंग स्वतः नालंदेत राहिलेला माणूस. त्यात आर्यवर्मन हे भारतीय नाव घेतलेला शिल्लाचा एक भिक्षू आहे. तो नालंदेत राहिला, तिथे ग्रंथ उतरवून घेतले, मायदेशी परतायची इच्छा होती पण सत्तरी ओलांडल्यावर तिथेच वारला. त्याच्यासारखे आणखी काही, बहुतेक जण परतलेच नाहीत. ना ड्रॅगन, ना स्वप्न. याउलट ह्वांग्न्योंग्सातल्या मोठ्या मूर्तीची कथा: सम्राट अशोकाने तीनदा बुद्धमूर्ती ओतायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून धातू जहाजात घालून समुद्रात सोडला आणि तो शेकडो वर्षांनी शिल्लाच्या किनाऱ्याला लागला. ही गंमत म्हणून चौकटीत द्या.

चौकटीला आणखी जागा असेल तर गाणी. शिल्लाच्या देशी भाषेतली चौदा गाणी केवळ या पुस्तकामुळे वाचली. ८८८ साली राणीच्या आज्ञेने अशा गाण्यांचा मोठा संग्रह झाला होता, तो पार नाहीसा झाला. वोलम्योंग नावाच्या भिक्षूचं मेलेल्या बहिणीवरचं गाणं नक्की वाचा. एकाच फांदीवर जन्मलेली पानं शरदाच्या पहिल्या वाऱ्याला इकडे तिकडे गळतात आणि कुठे जातात ते एकमेकांना कळत नाही, असं तो म्हणतो.

लिहिताना दोन-तीन व्यवहारातल्या गोष्टी. तुमच्याकडच्या भाषांतरात इर्यॉनच्या बारीक टिपा वेगळ्या दाखवल्या आहेत का, ते आधी तपासा. त्या मजकुरात मिसळल्या किंवा गाळल्या असतील तर त्याचं ‘नक्की कळत नाही’ तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. कोरियाच्या राष्ट्रीय इतिहास संस्थेच्या संकेतस्थळावर मूळ हानमुन आणि आधुनिक कोरियन भाषांतर दोन्ही फुकट आहेत. मशीन भाषांतर लावलं तरी टिपा कुठे आहेत एवढं कळतं. नावांची जुनी आणि नवी रोमन स्पेलिंगं वेगळी असतात, तेव्हा कोरियन उच्चार ऐकून एकदाच देवनागरी रूप ठरवा आणि ते शेवटपर्यंत पाळा. ‘सामगुक युसा म्हणतं’ असं मोघम लिहिण्याऐवजी ‘अकराव्या शतकात किमहेत रचलेली आणि इर्यॉनने संक्षेपाने उतरवलेली नोंद सांगते’ असं लिहा. वाक्य लांबतं, लांबू द्या.

चित्र लागेलच. सुरोच्या समाधीच्या दरवाजावरचे दोन मासे आणि अयोध्येतले दोन मासे पुरावा म्हणून शेजारी शेजारी लावलेली छायाचित्रं तुम्हाला ढिगाने मिळतील. तो दरवाजा गोर्योनंतरच्या जोसन घराण्याच्या काळातला आहे, गोष्टीनंतर दीड हजारांहून जास्त वर्षांनी बांधलेला. संपादकांना त्याऐवजी पासा मनोऱ्याचे ते झिजलेले दगड पाठवा, आणि खाली इर्यॉनने केलेलं त्यांचं वर्णन द्या.